फायबरचं बॉडी किट पत्र्याशी एकजीव करताना: सांधा का फुटतो आणि तो कसा टिकतो

गाडी रंगवून बाहेर येते तेव्हा फेंडरचा (चाकावरच्या पत्र्याचा) फ्लेअर, म्हणजे कमान रुंद करणारा जोडतुकडा, आणि मूळ पत्रा यांच्यात रेघसुद्धा दिसत नाही. उन्हाळ्याचे दोन महिने जातात आणि जिथे सांधा होता तिथेच, केसाएवढी बारीक, सांध्याला समांतर भेग उमटते. पावसाळ्यात त्या भेगेतून पाणी आत जातं, कडेला तपकिरी डाग येतो आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुट्टीचा पोपडा हातात येतो. दोष बहुतेक वेळा रंगाला किंवा पुट्टीच्या कंपनीला दिला जातो. खरं कारण त्याच्या खाली असतं: दोन वेगवेगळे पदार्थ एकमेकांना घट्ट न धरता फक्त पुट्टीने झाकलेले असतात.

थोडं गणित करू. दीड मीटर लांबीचा साइड स्कर्ट, म्हणजे दारांखाली बसणारा लांब तुकडा, घ्या. रात्री तापमान १५ अंश, आणि काळ्या गाडीचा पृष्ठभाग एप्रिलच्या दुपारी ६५ अंश, म्हणजे ५० अंशांचा फरक. एवढ्या फरकात दीड मीटर पोलाद एक मिलिमीटरपेक्षा किंचित कमी वाढतं. काचतंतू आणि पॉलिएस्टरचं फायबर साधारण दोन मिलिमीटर वाढतं. एबीएस प्लास्टिक सहा मिलिमीटरच्या आसपास, आणि पॉलिप्रॉपिलीन त्याहूनही जास्त. फायबर आणि पोलाद यांच्यातला एक मिलिमीटरचा फरक सांध्याच्या पूर्ण लांबीत अखंड चिकटवलेला असेल तर तो सगळीकडे थोडा थोडा वाटला जातो आणि पचतो. तोच तुकडा पाच स्क्रूंवर टांगून वरून पुट्टी ओढली, तर दोन स्क्रूंमधला भाग रोज फुगतो, बसतो, घासतो आणि सगळी हालचाल पुट्टीच्या पातळ थरावर येते. पुट्टी कडक आणि ठिसूळ असते, ती तुटणारच. एबीएसच्या पाच मिलिमीटरच्या फरकापुढे तर कोणताही कडक सांधा टिकणार नाही.

म्हणून सगळ्यात आधी किट कशाचं आहे ते ओळखा. प्लास्टिकच्या भागाच्या मागे बहुधा ठसा असतो: एबीएस, पीपी (पॉलिप्रॉपिलीन), पीयूआर (पॉलियुरेथेन). ठसा नसेल तर कडेचा लहानसा तुकडा पाण्यात टाका. निव्वळ पॉलिप्रॉपिलीन तरंगतं. एबीएस आणि पॉलियुरेथेन बुडतात. मात्र टाल्क मिसळलेलं पॉलिप्रॉपिलीनही बुडू शकतं, त्यामुळे ठसा असेल तर त्याच्यावरच विश्वास ठेवा. फायबर ओळखायला सोपं आहे: मागची बाजू खरखरीत, मॅटचे (काचतंतूंच्या चटईचे) धागे दिसणारी, आणि पुढे जेलकोटचा गुळगुळीत थर. पत्र्याशी एकजीव करण्याजोगं हे एकच साधं किट. प्लास्टिकच्या किटसाठी सांधा उघडा ठेवावा, कडेला रबरी पट्टी द्यावी आणि स्क्रू किंवा दुहेरी टेपने ते बसवावं. हे कमीपणाचं काम नाही. जपानचे गाड्या बदलणारे कारागीर आकिरा नाकाई पोर्शच्या कमानी कापून त्यावर रुंद फ्लेअर बसवतात, ते स्क्रूंनी बसवून कडेला सीलंटची रेघ ओढतात. किटचे डिझायनर केई मिउरा यांच्या रॉकेट बनी किटमध्ये तर बोल्ट मुद्दाम दिसते ठेवलेले असतात. तिथे फ्लेअर तुटला तर नवा लावता येतो, आणि हालचालीचा प्रश्न उरतच नाही.

फायबरचं किट असलं तरी सगळे सांधे बुजवायचे नसतात. मागचं क्वार्टर पॅनेल आणि दारांखालचं रॉकर पॅनेल गाडीच्या सांगाड्याला वेल्ड केलेलं असतं, म्हणून तिथे फ्लेअर किंवा स्कर्ट मिसळवता येतो. पुढचं फेंडर बोल्टवर असतं. त्यावर फ्लेअर मिसळवता येतो, पण तो फक्त त्या फेंडरच्याच हद्दीत हवा. फेंडर ते बंपर, फेंडर ते दरवाजा, क्वार्टर पॅनेल ते मागचा बंपर, अशी एका भागातून दुसऱ्या भागात जाणारी पुट्टी कधीही भरू नका. बंपर क्लिपांवर बसलेला असतो, तो हलतो, धडकेत मागे सरकतो आणि दुरुस्तीसाठी काढावा लागतो. गाडीचं एक चाक खड्ड्यात आणि दुसरं वर असताना सांगाडा पिळतो, तेव्हा भागांमधल्या फटी कमीजास्त होतात. त्या फटी याच कामासाठी ठेवलेल्या असतात. फ्लेअर बंपरवर पसरत असेल तर फटीच्या रेषेवर तो दोन तुकड्यांत कापा आणि मध्ये ४ ते ५ मिलिमीटर जागा सोडा.

आता एका मागच्या फ्लेअरचं उदाहरण घेऊन पूर्ण काम पाहू. सांध्याची लांबी सुमारे १.४ मीटर धरू.

कोरडी जुळवणी, म्हणजे काहीही न चिकटवता भाग बसवून बघणं, हा कामातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत मोलाचा टप्पा आहे. बाजारातला फायबरचा भाग साच्यातून लवकर काढलेला असेल तर तो अजून आकसत असतो. त्याला गाडीवर, स्क्रूंनी हलकं धरून, चारपाच दिवस उन्हात राहू द्या. वाकायचं तेवढं तो पुट्टी लागण्याआधीच वाकेल. गाडी चाकांवर उभी असावी, जॅकवर नको, कारण जॅकवर सांगाडा वेगळ्या पिळात असतो. जी चाकं आणि टायर शेवटी राहणार तीच लावा. स्प्रिंग काढून किंवा गाडीवर वजन देऊन चाक पूर्ण वर दाबल्यावर टायर कुठे लागतो ते बघा. पुढच्या बाजूला स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. डावं-उजवं मोजताना जमिनीपासून नव्हे, खिडकीच्या खालच्या रेषेपासून आणि चाकाच्या मध्यापासून मोजा. फायबर आणि पत्रा यांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त पोकळी दिसली तर ती चिकटद्रव्याने भरायची नाही. फायबरच्या कडा घासून किंवा मागून काचेचा थर चढवून ती पोकळी कमी करा.

फ्लेअर रुंद असेल आणि कमान कापावी लागणार असेल तर इथे थांबून नीट समजून घ्या. मागच्या कमानीत बाहेरचा पत्रा आणि आतला चाकाचा पत्रा असे दोन थर असतात, आणि ते कडेला एकमेकांना वेल्ड केलेले असतात. बाहेरचा कापला की दोन्हींमध्ये तोंड उघडतं. ते तसंच सोडून वर फ्लेअर चढवला तर चिखल आणि पाणी थेट पोकळीत जातं आणि सांगाड्याची ताकदही कमी होते. आतल्या पत्र्याला २५ ते ३० मिलिमीटर अंतरावर उभे काप द्या, त्या जिभा वर वाकवून बाहेरच्या पत्र्याला भिडवा, वेल्ड करा, आणि सगळ्या फटी सीम सीलरने (पत्र्याचे सांधे बुजवणाऱ्या सीलंटने) बंद करा. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि आतलं अस्तर बाजूला घ्या. सगळं काम झाल्यावर, शेवटी, आतून गंजरोधक मेण फवारा. मेण आधी फवारलं तर ते वेल्डिंगच्या उष्णतेत जळतं आणि बाहेर आलं तर रंगाला धरू देत नाही.

पत्र्याची तयारी करताना फ्लेअरची कड जिथे येते तिथे मास्किंग टेपने रेघ आखा, आणि तिच्या दोन्ही बाजूंना ७५ मिलिमीटर रंग, प्रायमर, जुनी पुट्टी सगळं काढा. ग्राइंडरवर घासकामाची जाड चकती दाबून धरू नका. बाहेरचा पत्रा ०.७ ते ०.८ मिलिमीटर जाड असतो. तापला की लाटा येतात आणि त्या नंतर पुट्टीत भरत बसाव्या लागतात. नायलॉनची स्ट्रिपिंग चकती वापरा, हात हलता ठेवा, मग ८० नंबरच्या पेपरने आडवेतिडवे ओरखडे द्या. फायबरच्या बाजूला आधी मेण-ग्रीस काढणाऱ्या द्रवाने पुसा आणि नंतर घासा. हा क्रम उलटा झाला तर साच्याचं मेण ओरखड्यांत दाबलं जातं आणि पुढचा कोणताही थर त्यावर धरत नाही. चिकटणाऱ्या भागातला जेलकोट पूर्ण घासून काढा, खाली काचतंतू दिसू द्या. फ्लेअरची कड साधारण ३ मिलिमीटर जाड असते, ती ३० ते ४० मिलिमीटर रुंदीत उतरती घासून कडेला कागदासारखी पातळ करा. हा उतार सांध्याचा जीव आहे. उभ्या कडेवर ताण एका रेषेत गोळा होतो, उतारावर तो पसरतो.

उघडा पत्रा दमट हवेत काही तासांत तांबूस होतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हे काम शक्यतो टाळावं. करावंच लागलं तर घासणं आणि चिकटवणं एकाच दिवशी उरका.

चिकटवण्यासाठी दोन भागांचं इपॉक्सी पॅनेल बाँड घ्या, तेच जे गाडीचे पत्रे जोडायला वापरतात. नळीतून येणारं बांधकामाचं सिलिकॉन इथे चालत नाही, त्यावर रंग धरत नाही. दोन्ही पृष्ठभागांवर आधी पातळ थर पसरवा, म्हणजे उघडा पत्रा पूर्ण झाकला जाईल. मग ८ ते १० मिलिमीटर जाडीची अखंड रेघ सोडा. भाग बसवल्यावर तो जागेवर थोडा सरकवला तर चालतो, पण उचलून परत ठेवू नका. उचलताना हवा आत जाते आणि तिथे पोकळी राहते. क्लॅम्प किंवा स्क्रू घट्ट आवळू नका. सगळं चिकटद्रव्य बाहेर आलं तर सांधा कोरडा राहतो. काही चिकटद्रव्यांत जाडी राखण्यासाठी बारीक काचमणी घातलेले असतात ते याचसाठी. पूर्ण २४ तास हात लावू नका, थंडीत जास्त. नंतर स्क्रू काढा. आत राहिलेला स्क्रू किंवा रिव्हेट सहा महिन्यांनी रंगातून गोल ठिपक्यासारखा दिसतो.

यानंतर काचेचे थर. इथे आपल्याकडच्या बहुतेक वर्कशॉपमध्ये पॉलिएस्टर रेझिन आणि मॅट वापरतात, कारण स्वस्त आहे आणि अर्ध्या तासात घट्ट होतं. फायबरवर फायबरसाठी ते ठीक. पोलादावर मात्र पॉलिएस्टर नीट धरत नाही, शिवाय घट्ट होताना आकारमानाने ५ ते १० टक्के आकसतं. इपॉक्सी १ ते ३ टक्के. सांधा पत्र्यावर जात असेल तर इपॉक्सीच घ्या. इपॉक्सीबरोबर साधी मॅट घेऊ नका. मॅटचे तुटक धागे ज्या बाइंडरने धरलेले असतात तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही, आणि मॅट भिजत नाही. विणलेलं किंवा शिवलेलं काचकापड लागतं.

दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या कापडाच्या तीन पट्ट्या कापा: ९०, ६५ आणि ४० मिलिमीटर रुंद, प्रत्येकी १.४ मीटर लांब. एकूण कापड ८२ ग्रॅम भरतं. इपॉक्सी कापडाच्या वजनाइतकंच लागतं. भांड्याला आणि ब्रशला लागणारं धरून १५० ग्रॅम मिसळा, आणि तेही दोन खेपांत, कारण भांड्यात एकत्र पडलेलं इपॉक्सी स्वतःच्या उष्णतेने तापून वेळेआधी घट्ट होतं. रुंद पट्टी आधी, अरुंद वर. मग वरून घासताना पत्र्याला धरणारा सर्वांत मोठा थर कापला जात नाही. पट्टीचा मध्य फ्लेअरच्या पातळ कडेवर हवा, अर्धी फायबरवर, अर्धी पत्र्यावर. कापड पारदर्शक होईपर्यंत भिजवा आणि पांढरा ठिपका दिसेल तिथे रोलरने हवा काढा.

दोन रसायनांचे नियम एकमेकांच्या उलट आहेत, आणि इथे फार चुका होतात. इपॉक्सीत हार्डनर कंपनीने दिलेल्या प्रमाणातच, वजनकाट्यावर मोजून. जास्त घातल्याने ते लवकर घट्ट होत नाही, कायमचं मऊ राहतं. पॉलिएस्टरमध्ये कॅटॅलिस्ट रेझिनच्या १ ते २ टक्के, उन्हाळ्यात १ च्या जवळ, थंडीत २ च्या. हे द्रव कॅटॅलिस्ट डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते. गॉगल लावल्याशिवाय बाटली उघडू नका. कोबाल्ट (पॉलिएस्टर लवकर घट्ट करणारा द्रव) आणि कॅटॅलिस्ट एकमेकांत थेट कधीही ओतू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, मगच कॅटॅलिस्ट. स्टायरीनच्या वाफेसाठी कार्बन कार्ट्रिजचा मास्क आणि काचेच्या धुळीसाठी एन-९५ लागतो. तोंडाला बांधलेला रुमाल यातलं काहीच अडवत नाही.

इपॉक्सी घट्ट झाल्यावर दमट हवेत त्यावर मेणचट पापुद्रा येतो. तो आधी पाण्याने आणि खरखरीत पॅडने धुऊन काढा, सुकवा, मगच घासा. आणि इपॉक्सी पूर्ण पिकल्याशिवाय वर पॉलिएस्टर पुट्टी लावू नका. कच्च्या इपॉक्सीतल्या अमाइनमुळे पुट्टीचा खालचा थर चिकट राहतो. ॲसिडच्या एच (etch) प्रायमरवर पुट्टी लावली तरी हेच होतं.

आता पुट्टी. पहिला थर काचतंतू मिसळलेल्या पुट्टीचा द्या, ती पाणी शोषत नाही आणि तिला ओढ सहन होते. तो ८० नंबरने आकारात आणा. त्यावर साधी पॉलिएस्टर पुट्टी, हार्डनर वजनाच्या साधारण २ टक्के. जास्त हार्डनर घातला तर त्यातलं पेरॉक्साइड पुढे रंगातून पिवळसर डागाच्या रूपात वर येतं. मिसळताना फेटू नका, पट्टीने दाबून घडी घालत मिसळा. फेटलेल्या हवेची छिद्रं शेवटी प्रायमरमधून दिसतात. पुट्टीची एकूण जाडी ३ मिलिमीटरच्या आत ठेवा. जास्त लागत असेल तर जुळवणी चुकली आहे, मागे जा. पत्र्याच्या बाजूला पुट्टी १५० मिलिमीटरपर्यंत पातळ होत जाऊ द्या. सांध्याजवळच संपवली तर प्रकाशात तिथे उंचवटा दिसतो.

पुट्टी पाण्याने घासण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. ती सोडावी. पुट्टीत टाल्क असतं, ते पाणी धरून ठेवतं, आणि उन्हात तेच पाणी रंगाखाली फोड होऊन येतं. पुट्टी कोरडीच घासायची. वॉटर पेपर टू-के (दोन भागांच्या) प्रायमरनंतर.

फ्लेअर पत्र्याला मिळतो तो आतला कोपरा गोलाईचा हवा, किमान १५ मिलिमीटर त्रिज्येचा. ४० मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्याला पेपर गुंडाळला की अशा गोलाईसाठी नेमका ठोकळा तयार होतो, २० मिलिमीटर त्रिज्येचा. धारदार कोपरा दिसायला रेखीव वाटतो, पण भेग तिथूनच सुरू होते. सपाट भागावर ४०० मिलिमीटर लांब ठोकळा तिरका, आलटून पालटून दोन्ही दिशांनी चालवा. बोटांनी घासलं की बोटांच्या रुंदीचे खड्डे पडतात. काळ्या गाइड कोटचा हलका फवारा मारा: घासल्यावर काळं उरतं तो खड्डा, पत्रा उघडा पडतो तो उंचवटा. उंचवट्याभोवती पुट्टी चढवत बसण्यापेक्षा उंचवटा हातोडीने हलकेच खाली बसवा. डोळे मिटून, पातळ सुती कापडातून तळहात फिरवला तर अर्ध्या मिलिमीटरचीही लाट कळते.

१८० नंबरपर्यंत आल्यावर इपॉक्सी प्रायमर, त्यावर जाड थराचा प्रायमर-सरफेसर. आणि मग थांबा. गाडी किमान पाचसहा दिवस उन्हात ठेवा. रेझिन आणि पुट्टीचं उरलेलं आकसणं याच दिवसांत होतं. त्यानंतर गाइड कोट टाकून ३२० नंबरने पुन्हा घासलं की सांध्याची रेघ बहुतेक वेळा परत दिसते, पण आता ती प्रायमरमध्ये असते आणि घासून जाते. हे दिवस वाचवले तर तीच रेघ तीन महिन्यांनी क्लिअर कोटखाली दिसते, आणि तेव्हा सगळा पॅनेल पुन्हा रंगवण्यावाचून इलाज नसतो. शेवटी ४०० ते ६०० नंबर, बेस कोट, क्लिअर कोट. रंग गडद असेल तर हे सगळं आणखी काटेकोर करा; पांढरा पृष्ठभाग त्याच उन्हात खूपच कमी तापतो.

बिघाड झालाच तर तो कुठला आहे हे खुणेवरून ओळखता येतं. सांध्याला समांतर सरळ भेग म्हणजे चिकटद्रव्य अखंड नाही किंवा काचेचे थर दिलेच नाहीत. एका बिंदूतून कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरणाऱ्या भेगा म्हणजे जेलकोट फुटला आहे, बहुधा आवळलेल्या स्क्रूजवळ किंवा ठोकर बसली तिथे. फक्त तिरक्या प्रकाशात दिसणारी, बोटाला न लागणारी रेघ म्हणजे आकसणं. बारीक फोड म्हणजे पाणी. कडेला तपकिरी ओघळ असेल तर पाणी मागून येतंय; पुढून कितीही रंगवलं तरी उपयोग नाही, मागचं सीलर बघा. पहिल्या प्रकारच्या भेगेवर वरून पुट्टी ओढणं म्हणजे पैसे आणि वेळ वाया घालवणं. ती भेग पत्र्यापर्यंत खणून, उतार करून, पुन्हा काचेचे थर द्यावे लागतात.

भारतात नोंदवलेल्या गाडीवर रुंद फ्लेअर बसवण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून आरटीओत विचारून घ्या. उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांपासून गाडी बदलता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाच्या संदर्भात स्पष्ट केलं आहे. विमा कंपनीलाही आधी लेखी कळवा.

साइड स्कर्ट मिसळवताना मात्र दोन गोष्टी बुजवू नका. रॉकर पॅनेलच्या तळाशी पाणी निघून जाण्याची लहान भोकं असतात. ती चिकटद्रव्याने बंद झाली तर पाणी आतच साचतं आणि पत्रा आतून सडतो. आणि खालच्या दुमडलेल्या कडेवरचे जॅक पॉइंट उघडे ठेवा. पंक्चर काढणाऱ्या माणसाला ते सापडले नाहीत तर तो जॅक थेट स्कर्टखाली लावेल. म्हणून स्कर्टमध्ये तिथे ८० ते १०० मिलिमीटर रुंद खाच आधीच कापून ठेवा आणि तिची जागा गाडीच्या डिकीत, स्टेपनीजवळ, चिठ्ठीवर लिहून चिकटवा.